फाशीपर्यंत गेलेला खटला आणि फाइलमध्येच राहिलेला जबाब

जून 2003. नाशिक जिल्ह्यात शेतातल्या झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे खून झाले. घरातल्या अल्पवयीन मुलीवर आणि तिच्या आईवर बलात्कार झाला. मुलगी गेली, आई आणि तिचा एक मुलगा तेवढे वाचले.

दोनच दिवसांनी पोलिसांनी त्या आईला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला. तिने चार फोटोंवर बोट ठेवलं. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे तिचा तसा जबाबही नोंदवला गेला. म्हणजे डोळ्यांनी सगळं पाहिलेली साक्षीदार, आठवण अगदी ताजी, आणि नावगाव पोलिसांकडे आधीपासून असलेले चार संशयित. तपास अधिकाऱ्याला याहून जास्त काय हवं असतं?

खटला मात्र उभा राहिला तो दुसऱ्याच सहा जणांवर. भटक्या जमातीतली, मजुरी करणारी गरीब माणसं. अल्बममधल्या चौघांपैकी या सहांत कोणीच नव्हतं. 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही शिक्षा वाढवून पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांचाही नव्हता, हे 2012 मध्ये सिद्ध झालं. तोपर्यंत तो फाशीचा कैदी म्हणून वर्षानुवर्षं तुरुंगात होता.

पुढे 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली. 5 मार्च 2019 रोजी न्या. सिक्री, न्या. नझीर आणि न्या. शहा यांच्या खंडपीठाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अल्बममधून चौघांना ओळखल्याची गोष्ट सरकार पक्षाने न्यायालयापासून दडवली, त्या चौघांचा पुढे तपासच केला नाही, आणि या सहा जणांना खोटं गोवलं गेलं, असं न्यायालयाने स्वच्छ शब्दांत म्हटलं. कायद्याच्या पुस्तकांत हा निकाल 'अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या नावाने सापडतो.

निरपराध माणसाला शिक्षा झाल्याची बातमी वाचली की आपण 'न्यायालय चुकलं' म्हणून मोकळे होतो. काही वेळा ते खरंही असतं. अंधारात पाहिलेला चेहरा साक्षीदाराला चुकीचा आठवतो, प्रयोगशाळेचा अहवाल संदिग्ध असतो, न्यायाधीशांचा अंदाज फसतो. अशा चुका माणसांच्या हातून होणारच, आणि अपिलाची सोय त्यासाठीच आहे. नाशिकच्या खटल्यात जे घडलं ते वेगळं होतं. अपिलात न्यायाधीश तपासतात ती खालच्या न्यायालयातून आलेली कागदपत्रं. तिथेच एक जबाब पुढे ठेवला गेला नसेल, तर वर कितीही हुशार न्यायाधीश बसवा, ते अपुऱ्या चित्रावरच निकाल देणार. तीन पायऱ्यांवर तीन वेळा शिक्षा कायम होते, आणि 'तीन-तीन न्यायालयांनी दोषी ठरवलंय' हाच मग आरोपीविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा होऊन बसतो.

सरकारी वकील नक्की कोणाचा?

टीव्हीवर गाजलेल्या खटल्यांमुळे आपल्या मनात सरकारी वकिलाचं एक चित्र पक्कं झालं आहे. आरोपीला फासावर लटकवल्याशिवाय स्वस्थ न बसणारा, बाहेर पडताच माइकपुढे उभा राहून 'कठोरात कठोर शिक्षा' मागणारा. कायद्यातलं चित्र याच्या बरोबर उलटं आहे. 1999 च्या 'शिवकुमार विरुद्ध हुकमचंद' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, वस्तुस्थिती काहीही असो, आरोपीला कसंही करून शिक्षा मिळवून देण्याची तहान सरकारी वकिलाला असता कामा नये. आरोपीच्या बाजूने जाणारी एखादी गोष्ट त्याच्या वकिलाच्या नजरेतून सुटली, तर ती न्यायालयाच्या नजरेला आणणं हे सरकारी वकिलाचंच काम. फिर्यादीच्या घरच्यांना हे ऐकून राग येतो. स्वाभाविक आहे. पण तो त्यांचा वकील नसतो. तो राज्याचा वकील, आणि आरोपीही त्याच राज्याचा नागरिक.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघू. अमेरिकेत जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकील बहुतेक ठिकाणी निवडणूक लढवून येतो, आणि कोणावर खटला भरायचा, कोणते आरोप लावायचे, हे तोच ठरवतो. आपल्याकडे तपास पूर्णपणे पोलिसांचा. आरोपपत्र दाखल करायचं की नाही हा निर्णयही त्यांचाच. सरकारी वकिलाची संमती त्यासाठी लागत नाही. वकिलाच्या हातात केस येते ती बांधून, नाडी आवळून. तालुक्याच्या कोर्टात दिवसाला पंचवीस-तीस प्रकरणांचा बोर्ड सांभाळणाऱ्या सहायक सरकारी वकिलाने पोलीस ठाण्यातलं प्रत्येक चिटोरं मागवून वाचावं, ही अपेक्षा कागदावर ठीक वाटते.

म्हणून आपल्याकडे 'गैरवर्तन करणारा सरकारी वकील' असा एकट्याला पकडता येणारा गुन्हेगार सहसा सापडत नाही. तपास अधिकारी म्हणतो, मी फाइल दिली होती. वकील म्हणतो, मला दिलीच नाही. न्यायाधीश म्हणतात, समोर नव्हतंच. जबाबदारी सगळ्यांमध्ये वाटली जाते आणि शेवटी कोणाच्याच वाट्याला येत नाही.

यात महाराष्ट्राचा एक जुना धडा आहे. खालच्या न्यायालयांतले सहायक सरकारी वकील पूर्वी चक्क पोलीस खात्याच्या अखत्यारीत होते. ज्याने तपास केला त्याच खात्याच्या हाताखाली त्या तपासाचा वकील! 1995 मध्ये 'शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं. सहायक सरकारी वकिलांचा वेगळा संवर्ग करा आणि त्यांच्यावरचा पोलिसांचा प्रशासकीय व शिस्तभंगाचा अधिकार काढून घ्या, असा आदेश दिला. आज अभियोग संचालनालय, म्हणजे सरकारी वकिलांचं खातं, त्यामुळेच स्वतंत्र आहे. कागदोपत्री तरी. फाइल मात्र अजूनही पोलिसांच्याच कपाटातून येते.

आरोपीला काय दाखवतात आणि काय नाही

गोम इथे आहे, म्हणून जरा सावकाश.

तपास संपला की पोलीस आरोपपत्र दाखल करतात. त्याच्या प्रती आरोपीला फुकट मिळाल्या पाहिजेत, हा त्याचा हक्क. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 207 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम 230 मध्ये आहे, आणि आता त्याला आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांची मुदतही आहे. इथवर सगळं छान.

पण प्रती कशाच्या? ज्या कागदांवर सरकार पक्ष विसंबून राहणार आहे त्यांच्या. तपासात पोलिसांनी शंभर कागद गोळा केले, त्यांतले साठ आरोपीला अडकवणारे निघाले आणि चाळीस निरुपयोगी किंवा उलटे निघाले, तर आरोपपत्राला जोडले जातात ते साठ. उरलेले चाळीस आहेत हेदेखील आरोपीला कळत नाही. सातबारा दाखवून जमिनीचा सौदा करावा आणि वादातल्या फेरफाराचा कागद खिशात ठेवावा, तसा हा प्रकार. विकणारा म्हणू शकतो, मी खोटं कुठे बोललो?

याशिवाय असते केस डायरी. तपास अधिकारी रोज कुठे गेला, कोणाला भेटला, काय कळलं, याची ती नोंद. न्यायालय ती मागवून वाचू शकतं, पण आरोपीला ती मागता येत नाही. अपवाद एवढाच की साक्ष देताना पोलिसाने आठवणीसाठी तिचा आधार घेतला किंवा न्यायालयाने त्याला खोडून काढण्यासाठी ती वापरली, तर तेवढा भाग आरोपीला बघता येतो. यामागचं कारण अगदीच पोकळ नाही. खबऱ्यांची नावं, अर्धवट सुगावे उघड होऊ नयेत हे समजण्यासारखं आहे. पण त्याच पडद्याआड आरोपीच्या कामाची गोष्टही जाते.

सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये यावर बोट ठेवलं. फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबद्दल स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात न्यायालयाने नमुना नियम मंजूर केले आणि राज्यांना व उच्च न्यायालयांना ते सहा महिन्यांत स्वीकारायला सांगितले. त्यातली एक तरतूद सगळ्यात मोलाची: सरकार पक्ष ज्यांवर विसंबून नाही अशा कागदांची आणि वस्तूंची यादीसुद्धा आरोपीला द्यायची. कागद लगेच नाही, निदान यादी. यादी हातात असली की आरोपीचा वकील न्यायालयाला म्हणू शकतो, अमुक क्रमांकाचा जबाब मागवा. 2022 च्या 'मनोज विरुद्ध मध्य प्रदेश' या फाशीच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं गेलं. 2025 मध्ये तर ईडीच्या प्रकरणांतही अशी यादी मिळण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला.

नाशिकच्या खटल्यात 2003 साली अशी यादी द्यावी लागली असती तर? 'दि. 7 जूनचा जबाब, अल्बममधील ओळख' अशी एक ओळ त्यात आली असती. एवढ्या एका ओळीने उलटतपासणीची दिशा बदलली असती.

अमेरिकेतला धडा

तिकडे हा नियम 1963 पासून आहे. 'ब्रेडी विरुद्ध मेरीलँड' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारी वकिलाने त्याला दिलाच पाहिजे. मुद्दाम लपवला की चुकून राहिला, याने फरक पडत नाही. हा शेवटचा भाग फार शहाणपणाचा आहे, कारण सरकारी वकिलाच्या मनात काय होतं हे शोधत बसण्याची गरजच उरत नाही.

पण नियम असला म्हणजे पाळला जातो असं नाही. टेक्सासमधल्या मायकल मॉर्टनचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 1986 मध्ये त्याच्या बायकोचा राहत्या घरात खून झाला. पुढच्या वर्षी त्यालाच जन्मठेप झाली. त्याचा तीन वर्षांचा मुलगा त्या वेळी घरात होता. त्याने आजीला सांगितलं होतं की हे एका 'राक्षसा'ने केलं आणि बाबा घरी नव्हते. हे संभाषण टिपून पोलिसांच्या फाइलमध्ये ठेवलेलं होतं. शेजाऱ्यांनी घरामागे हिरव्या व्हॅनमधून आलेला अनोळखी माणूस पाहिल्याचंही सांगितलं होतं. यातलं काही मॉर्टनच्या वकिलांपर्यंत पोचलं नाही. घराच्या जवळच सापडलेल्या रक्ताळलेल्या रुमालाची डीएनए चाचणी करू द्या, अशी विनंती पुढे वकिलांनी केली, तर सरकारी वकिलांच्या कार्यालयाने तिला वर्षानुवर्षं विरोध केला. 2011 मध्ये चाचणी झाली. रक्त बायकोचं, आणि सोबत दुसऱ्याच एका माणसाचा डीएनए. मॉर्टन सुमारे 25 वर्षांनी सुटला. त्या दुसऱ्या माणसाने मधल्या काळात, 1988 मध्ये, आणखी एका स्त्रीचा खून केला होता.

ती स्त्री वाचू शकली असती. निरपराध्याला शिक्षा म्हणजे फक्त त्या एकावर अन्याय असं आपण समजतो. पण पोलिसांनी फाइल बंद केली की खरा गुन्हेगारही शोधातून सुटतो. नाशिकच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या चौघांबद्दल पुढील तपासाचा आदेश दिला तो 2019 मध्ये, म्हणजे गुन्ह्याला सोळा वर्षं उलटल्यावर. एवढ्या काळाने काय हाती लागणार?

मॉर्टनवर खटला चालवणारे सरकारी वकील केन अँडरसन पुढे न्यायाधीश झाले होते. 2013 मध्ये त्यांना वकिलीची सनद सोडावी लागली आणि 10 दिवसांची कैद झाली. प्रत्यक्षात त्यांनी पाच दिवस काढले. पंचवीस वर्षांच्या बदल्यात पाच दिवस! आणि गंमत अशी की अमेरिकेत हीसुद्धा मोठी दुर्मीळ शिक्षा मानली गेली. तिथे निर्दोष सुटलेल्यांची राष्ट्रीय नोंद ठेवली जाते. तिच्या 2020 च्या अहवालात 2,400 प्रकरणं तपासली गेली. 54 टक्के प्रकरणांत पोलीस, सरकारी वकील किंवा इतर अधिकाऱ्यांचं गैरवर्तन आढळलं, आणि गैरवर्तन करणाऱ्या सरकारी वकिलांपैकी शिस्तभंगाची कारवाई झाली ती जेमतेम 4 टक्क्यांवर. त्यातच 1976 च्या एका निकालामुळे खटला चालवताना केलेल्या कृतींबद्दल सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावाही लावता येत नाही.

एक बदल मात्र टेक्सासने ठोस केला. 2013 मध्ये मॉर्टनच्याच नावाने कायदा झाला आणि सरकार पक्षाची फाइल आरोपीच्या वकिलाला खुली करणं बंधनकारक झालं. 'महत्त्वाचा पुरावा कोणता' हे ठरवण्याची मक्तेदारी सरकारी वकिलाकडून काढून घेतली, हे त्या कायद्याचं मर्म.

मग भरपाईचं काय?

नाशिकच्या सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्या, असा आदेश न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला दिला. हिशेब करून पाहा: सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे महिन्याला साधारण 2,600 रुपये. टेक्सासमध्ये चुकीने भोगलेल्या कैदेच्या प्रत्येक वर्षासाठी 80,000 डॉलर कायद्यानेच ठरलेले आहेत.

तरी हे सहा जण नशीबवान म्हणायचे. अक्षरधाम हल्ल्याच्या खटल्यात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांना निर्दोष सोडलं. त्यांच्यापैकी काहींनी भरपाई मागितली, तेव्हा 2016 मध्ये त्याच न्यायालयाने नकार दिला. असा पायंडा धोकादायक ठरेल, असं कारण सांगितलं. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना मात्र 2018 मध्ये 50 लाख देण्याचा आदेश झाला. ते तर हेरगिरीच्या आरोपातून कधीच मुक्त झाले होते आणि त्यांची कैद 50 दिवसांची होती. त्यांच्यावरचा अन्याय लहान होता असं मुळीच नाही. पण एकाला पन्नास लाख, दुसऱ्याला पाच, तिसऱ्याला शून्य, हे ठरतं कशावर? खंडपीठावर. कारण कायदाच नाही. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल देऊन नेमका असा कायदा सुचवला होता: खास न्यायालयं, ठरावीक मुदत, पैशांबरोबर पुनर्वसनाची सोय. अहवाल आहे, कायदा नाही.

अधिकाऱ्यांना शिक्षा करण्याचा रस्ताही तितकाच अरुंद. फाशीच्या गुन्ह्यात गोवण्यासाठी खोटा पुरावा तयार करणं हा आपल्याकडे फार गंभीर गुन्हा आहे. पण खरा पुरावा नुसता पुढे न ठेवणं? त्याला थेट पकडणारं कलम नाही. 2019 च्या निकालात दोषी अधिकारी शोधून त्यांच्यावर तीन महिन्यांत खात्यांतर्गत कारवाई करा असं सांगितलं होतं. खात्यांतर्गत, म्हणजे पोलिसांची चौकशी पोलीस करणार.

आणि एक गोष्ट मला जास्त खटकते. 2014 च्या 'गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई' या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं की आरोपी निर्दोष सुटला की प्रत्येक वेळी का सुटला ते तपासा आणि चुकार अधिकाऱ्यांना जाब विचारा. हेतू चांगला होता. प्रत्येक सुटकेमागे एखादा निरपराध भरडला गेलेला असू शकतो, हेही त्यात म्हटलं आहे. पण खात्यात याचा अर्थ काय घेतला जाणार? सुटका झाली की मेमो, शिक्षा झाली की पाठीवर थाप. शिक्षेच्या टक्केवारीवर जिथे कामगिरी मोजतात, तिथे आरोपीच्या बाजूचा जबाब स्वतःहून पुढे ठेवणारा अधिकारी स्वतःचंच नुकसान करून घेतो. शिक्षा लागलेल्या प्रकरणांतून दहा-वीस फाइली दरवर्षी उचलून, त्यात काय दाखवलं नव्हतं हे तपासणारी यंत्रणा आपल्याकडे नाही. ब्रिटनने 1997 पासून संशयास्पद शिक्षांची प्रकरणं तपासायला स्वतंत्र आयोग नेमला आहे. तसं काही इथे झालं तर पहिला अर्ज महाराष्ट्रातून जाईल, यात मला शंका नाही.

तोवर हातात आहे तेवढं वापरायला हवं. तुमच्या ओळखीत कोणावर खटला चालू असेल, तर आरोपपत्राच्या प्रती मिळतात त्याच दिवशी वकिलांना एक साधा प्रश्न विचारा: जोडलेल्या कागदांची यादी मिळाली, न जोडलेल्यांची कुठे आहे? ती मागणारा अर्ज लेखी द्या आणि न्यायालयाला त्यावर लेखी आदेश करू द्या. अर्ज फेटाळला गेला तरी चालेल, तो रेकॉर्डवर राहतो आणि अपिलात कामी येतो. मोबाइलच्या लोकेशनवर किंवा सीसीटीव्हीवर बचाव अवलंबून असेल तर आणखी घाई करा. ते चित्रण आणि कॉलचे तपशील जपून ठेवण्याचा आदेश पहिल्या काही आठवड्यांतच मागा, कारण कंपन्या आणि दुकानदार ते कायमचे साठवत नाहीत, आणि पुसलं गेलेलं चित्रण कोणत्याही यादीत येत नाही.